फू हाओच्या राजधानीत

चीनला जाणाऱ्या मराठी प्रवाशांच्या यादीत आनयांग हे नाव सहसा नसतं. बीजिंगजवळची भिंत, शिआनचे मातीचे सैनिक, शांघायचे दिवे आणि मग परतीचं विमान. मला मात्र आनयांगलाच जायचं होतं. चीनच्या लेखी इतिहासाचे सर्वांत जुने भरभक्कम पुरावे निघाले ते इथल्या मातीतून. आणि जिच्याबद्दल मिळेल ते मी वाचत आले होते, ती फू हाओ राणी इथेच पुरलेली होती.

बीजिंगहून दक्षिणेकडे निघालेली जलद गाडी सुमारे ५०० किलोमीटरचं अंतर दोन-अडीच तासांत कापते. वाटेत शिजियाझुआंग लागलं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस या शहरातल्या हुतात्म्यांच्या दफनभूमीत चिरविश्रांती घेत आहेत. १९४२ साली, अवघ्या बत्तीस वर्षांचे असताना ते गेले. गाडी थांबली तेवढ्या वेळात मी मनोमन हात जोडले. त्यानंतर हनान प्रांतापर्यंत दुतर्फा गहूच गहू. मे संपत आला होता, पीक पिवळंधमक झालं होतं आणि काही शेतांत कापणीची यंत्रं उतरली होती.

यिनशू म्हणजे शांग राजवंशाच्या शेवटच्या राजधानीचे अवशेष. शहराच्या वायव्येला, ह्वान नदीच्या दोन्ही काठांवर ते पसरलेले आहेत. इसवीसनपूर्व सुमारे १३०० मध्ये पान गंग राजाने राजधानी इथे हलवली आणि १०४६ च्या सुमारास झोऊ लोकांनी शांगांचा पाडाव करेपर्यंत ती इथेच राहिली. नदीच्या दक्षिणेला राजवाडे आणि देवळं, उत्तरेला राजांच्या कबरी. २००६ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

आमची अर्ध्या दिवसाची सहल होती. सोबत एक चिनी कुटुंब, त्यांचा शाळकरी मुलगा, दोन विद्यार्थी आणि मी. वाट दाखवणारी मुलगी आनयांगचीच. चिनीत सांगून झालं की ती माझ्याकडे वळून तेच इंग्रजीत सांगायची आणि एकही तपशील गाळायची नाही. दरवाजातच म्हणाली, “वर फारसं काही दिसणार नाही. इथलं सगळं खाली आहे. तेव्हा माझ्याबरोबर जरा सावकाश चला.”

तिचं खरं होतं. शांगांनी दगडी इमारती बांधल्या नाहीत. माती थराथराने चोपून घट्ट केलेले चौथरे, त्यांवर लाकडी खांब आणि शाकारलेली छपरं. त्यातलं लाकूड केव्हाच गेलं, चौथरे उरले. आज हिरवळीवर खांबांच्या जागा खुणा करून दाखवल्या आहेत आणि एखादी इमारत नव्याने उभी केली आहे. त्या नव्या इमारतीपाशी मी फार रेंगाळले नाही. माझं लक्ष श्याओतुन गावाकडे होतं. पिढ्यान् पिढ्या इथले शेतकरी नांगरताना वर आलेली हाडं औषधवाल्यांना विकत. ‘ड्रॅगनची हाडं’ म्हणून ती कुटून औषधात घालत.

१८९९ साली बीजिंगच्या राजविद्यालयाचे प्रमुख वांग यीरोंग यांनी या हाडांवरची कोरीव चिन्हं ओळखली. ते आजारी होते, काढ्यासाठी आणलेल्या पुडीत त्यांना अक्षरं दिसली, अशी गोष्ट सांगतात. ती बहुधा मागाहून रचलेली असावी. पण अशी हाडं त्यांनी जमवली आणि ही प्राचीन लिपी आहे हे ओळखलं, एवढं खरं. पुढच्याच वर्षी आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये शिरल्या. ब्रिटिशांच्या बाजूने आलेल्यांत आपल्याकडच्या हिंदी पलटणीही होत्या. राजधानी पडली तेव्हा वांग यीरोंग यांनी विहिरीत जीव दिला. ज्या युद्धात आपले शिपाई परक्याच्या हुकमाने लढले, त्याच युद्धात हा माणूस गेला, हे आठवून मी गप्प झाले.

त्यांच्याकडची बरीच हाडं त्यांचे स्नेही, कादंबरीकार लिउ अ यांच्याकडे आली. १९०३ मध्ये त्यांनी कोरीव लेखांच्या ठशांचा पहिला संग्रह छापला. हाडं येतात कुठून, हे दलाल मात्र सांगेनात, सांगितलंच तर भलत्याच गावाचं नाव घेत. १९०८ मध्ये लुओ झनयू यांनी श्याओतुनचा पत्ता लावला. १९१७ मध्ये वांग ग्वोवेई यांनी हाडांवरची राजांची नावं लावून पाहिली, तेव्हा सीमा च्येन या इतिहासकाराने हजार वर्षांनंतर लिहिलेल्या वंशावळीशी ती जवळजवळ तंतोतंत जुळली. शांग ही दंतकथा आहे असं म्हणणाऱ्या विद्वानांना हे मोठंच उत्तर होतं.

संग्रहालयाच्या काचेपाशी मी बराच वेळ उभी राहिले. समोर कासवाच्या पोटाकडचं कवच होतं, तळहातापेक्षा थोडं मोठं, जुन्या हस्तिदंताच्या रंगाचं. त्याच्या मागच्या बाजूला शेजारी शेजारी, ओळीने खळगे कोरलेले होते. खळग्यात तापलेली वस्तू टेकवली की पुढच्या बाजूला तडा जायचा, एक उभी रेघ आणि तिला फुटलेली एक आडवी फांदी. तो तडा पाहून राजा उत्तर सांगायचा. कोकणात देवाला कौल लावतात, तसाच हा पूर्वजांना लावलेला कौल. फरक असा की शांगांनी तो लिहून ठेवला. तड्याच्या बाजूला दिवस, कौल लावणाऱ्याचं नाव आणि प्रश्न. आपल्याकडे साठ संवत्सरांचं चक्र आहे, त्यांचं साठ दिवसांचं होतं. त्यातल्याच नावाने दिवस लिहीत. पुष्कळदा एकच प्रश्न दोनदा, एका बाजूला ‘होईल’ म्हणून आणि दुसऱ्या बाजूला ‘होणार नाही’ म्हणून. कधी राजाने लावलेला अर्थ, आणि क्वचित पुढे खरोखर काय झालं तेही. काही अक्षरांत भरलेला हिंगूळ अजून लालभडक आहे.

आणि प्रश्न तरी कसले? पाऊस पडेल का. बाजरीचं पीक येईल का. येत्या दहा दिवसांत काही संकट नाही ना. राजाचा दात दुखतोय, तो कोणत्या पूर्वजाच्या कोपामुळे. मला जुन्या राजांच्या प्रशस्तींचा कंटाळा आहे, प्रत्येक राजा पृथ्वी जिंकलेला असतो. इथला वू दिंग राजा प्रत्येक रात्री कशाला ना कशाला घाबरलेला दिसतो, म्हणूनच तो खरा वाटतो.

चिनी संशोधकांनी इथलं शास्त्रशुद्ध उत्खनन १९२८ मध्ये दोंग त्सुओबिन यांच्या हाताखाली सुरू केलं. पुढच्या वर्षी हार्वर्डला शिकून आलेल्या ली ची यांनी धुरा घेतली. १९३६ च्या जूनमध्ये एका हंगामाचं काम आवरायच्या दिवशीच १२७ क्रमांकाचा खड्डा लागला. त्यात १७,०९६ तुकडे एकावर एक चिकटून बसले होते. जागेवर ते सुटे करणं अशक्य म्हणून सगळा गोळाच मातीसकट लाकडी पेटीत बंद करून नानजिंगला नेला. त्या ढिगाऱ्यात एक मानवी सांगाडाही होता. तो या दप्तराच्या रखवालदाराचा असावा, असा तर्क केला जातो. पुढच्या वर्षी जपानशी युद्ध पेटलं आणि काम थांबलं. तेव्हा निघालेल्या वस्तूंचा मोठा भाग आज तैवानमध्ये आहे.

दुपार चढत होती तेव्हा आम्ही फू हाओच्या कबरीपाशी आलो. बाहेर तिचा पांढरा पुतळा आहे, हातात परशू घेतलेला.

वू दिंगच्या राण्यांपैकी ती एक. दोनशेहून अधिक लेखांत तिचा उल्लेख येतो. ती यज्ञ चालवते, सैन्य जमवते, मोहिमेवर जाते. तिच्या हाताखाली १३,००० माणसं दिल्याची नोंद आहे, कौलाच्या हाडांवर सापडणारी ही सर्वांत मोठी फौज. आणि त्याच हाडांवर तिच्या बाळंतपणाची काळजीही आहे. एका कवचावर वू दिंग विचारतो, फू हाओचं बाळंतपण सुखरूप होईल ना. तडा पाहून तो शुभ दिवस सांगतो. खाली नंतर कोरलेली नोंद आहे: एकतीस दिवसांनी ती बाळंत झाली, चांगलं झालं नाही, मुलगी झाली. आमच्या वाटाड्या मुलीने हे आधी चिनीत सांगितलं, मग माझ्यासाठी इंग्रजीत, आणि क्षणभर आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. सेनापतीच्या पोटी मुलगी आली, तर तेही अशुभच.

सीमा च्येनच्या इतिहासात या राणीचं नाव नाही. १९७६ पर्यंत ती फक्त हाडांवर होती. शेतजमीन सपाट करायचं काम निघालं होतं, तेव्हा झेंग झेनशियांग या संशोधक बाईंनी आधी जमिनीची चाचपणी करायचा आग्रह धरला. लांब दांड्याचं, अर्धगोल पात्याचं फावडं खोल घालायचं आणि खालच्या मातीची कांडी वर काढून बघायची, अशी तिथली पद्धत. एका ठिकाणी पात्याला लाल लाखेचा अंश आणि जेडचा एक दागिना चिकटून वर आला. खाली भूजल लागलं होतं, ते उपसत काम करावं लागलं. साडेसात मीटर खोल गेलेली ही कबर कुणीच लुटलेली नव्हती. नदीपलीकडच्या राजांच्या भव्य कबरी चोरांनी केव्हाच रिकाम्या केल्या होत्या. ही वाचली, कारण ती लहान होती, तिला उतरणीच्या वाटा नव्हत्या आणि ती राजवाड्याजवळ, कुणी शोधणार नाही अशा जागी होती.

आत ४६८ कांस्यवस्तू, ७५५ जेडच्या वस्तू, सुमारे सात हजार कवड्या, फिरोजा जडवलेले हस्तिदंती पेले, घुबडाच्या आकाराची मद्यपात्रं. दोन मोठे परशू, त्यातल्या एकाचं वजन नऊ किलो. आणि शंभराहून अधिक भांड्यांवर तिचं नाव. शांग राजघराण्यातल्या एखाद्या व्यक्तीची कबर आणि हाडांवरच्या नोंदी असा जोड नेमका जुळवता आलेली ही एकमेव जागा आहे. खड्ड्यात आज मांडलेल्या वस्तू प्रतिकृती आहेत, अस्सल चिजा मुख्यतः बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात. तरी कठड्यावरून खाली बघताना मला ते उणं वाटलं नाही. खड्डा तर तोच होता.

तिथे उभी असताना मला इनामगाव आठवलं. इसवीसनपूर्व १००० च्या आसपास घोड नदीकाठच्या त्या वस्तीत एका मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून एका माणसाला पुरलं होतं. तो गावाचा प्रमुख असावा, असं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांचं मत. त्यांच्यामुळेच इनामगावकर काय पिकवत, काय खात, मुलं गेली तर त्यांना कसे पुरत, हे आपल्याला ठाऊक झालं. पण त्या प्रमुखाचं नाव कुणाला कळणं शक्य नाही, कारण त्याच्या गावाला लिहिता येत नव्हतं. दख्खनच्या मातीतला तो माणूस मला फू हाओपेक्षा जवळचा, आणि तरी तिच्याबद्दल मला त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत आहे. हे मला लागलं.

फू हाओच्या थडग्यात ती एकटी नव्हती. तिच्याबरोबर सोळा माणसं आणि सहा कुत्रे पुरलेले होते. हे लपवून यिनशू दाखवता येत नाही, आणि इथे कुणी लपवतही नाही. नदीपलीकडच्या राजकबरींजवळ बळी दिलेल्यांचे दोन हजारांहून अधिक खड्डे आहेत. १९७६ मध्ये उघडलेल्या १९१ खड्ड्यांत सुमारे १,२०० माणसं निघाली, बरीचशी मुंडकं छाटलेली. संग्रहालयात वाफेवर शिजवायच्या एका कांस्यपात्रात माणसाची कवटी तशीच ठेवलेली आहे. पूर्वजांना बळी म्हणून च्यांग जमातीची किती माणसं द्यायची, दहा, तीस की शंभर, हेही त्याच सुबक अक्षरांत, दातदुखीच्या शेजारी विचारलेलं असतं. लिपीच्या जन्माचं कौतुक करताना मी हे विसरू इच्छित नाही.

रथांच्या दालनात पाय आपोआप मंदावले. लाकूड पूर्ण कुजून त्याच्या जागी वेगळ्या पोताची माती बसलेली. खणणाऱ्यांनी तो फरक बोटांनी ओळखत चाकं, आरे, जू मातीतूनच मोकळं केलं. दांडीच्या दोन्ही बाजूंना घोड्यांचे सांगाडे. असा रथ चीनमध्ये इसवीसनपूर्व १२०० च्या सुमारास एकदम, तयार रूपातच अवतरतो. तो उत्तरेच्या गवताळ प्रदेशातून आला असं बहुतेक अभ्यासक मानतात.

नवं संग्रहालय २०२४ साली उघडलं. चौकोनी कांस्यपात्रासारखी त्याची इमारत आहे. ती चांगली आहे, पण आमच्याकडे तिच्यासाठी तासभरच उरला होता. तिथे चिनी कुटुंबातल्या मुलाने विचारलं, “ही सगळी अक्षरं वाचता येतात का?”

“नाही,” आमची वाटाडी मुलगी म्हणाली. “साडेचार हजारांच्या आसपास चिन्हं सापडली आहेत, त्यातली एक तृतीयांशच नीट वाचता येतात. राहिलेली पुष्कळशी माणसांची, टोळ्यांची, गावांची नावं आहेत.” मग तिने २०१६ ची एक जाहिरात सांगितली. आनयांगमध्येच चिनी लिपीचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. न वाचलेलं एक चिन्ह पुराव्यानिशी वाचून दाखवणाऱ्याला एक लाख युआन देऊ, असं त्यांनी जाहीर केलं होतं. २०१८ साली शांघायच्या फूदान विद्यापीठातल्या एका संशोधकाने ते बक्षीस मिळवलं.

मुलाने लगेच वडिलांकडून पेन मागून घेतलं आणि काचेमागचं एक चिन्ह आपल्या तिकिटाच्या पाठीवर उतरवून घ्यायला लागला. बस सुटायची वेळ झाली तरी त्याची आई त्याला हलवू शकली नाही. आम्ही सगळे त्याच्यासाठी थांबलो.