दिवा कोणी मालवायचा?

झोप ही मोठी मानी पाहुणी आहे. बोलावले की येत नाही, वाट पाहिली की रुसते, आणि 'नाही आलीस तरी चालेल' असे म्हणून पुस्तक उघडावे तर दुसऱ्या पानावर दारात हजर! ती सभेत येते, कीर्तनात येते, लोकलमध्ये दांडी धरून उभ्या असलेल्या माणसालाही येते. मात्र घड्याळाकडे बघत 'आता झोप आलीच पाहिजे, सकाळी सहाला उठायचे आहे' असा हुकूम सोडला की ती फिरकत नाही. तिला आयत्या वेळचे आमंत्रण चालत नाही. तिला रोजची, पायाखालची वाट लागते. आणि ही वाट तयार करून ठेवणारे माणूस पूर्वी प्रत्येक घरात एक तरी असे.

आमचे बिऱ्हाड गिरगावातल्या चाळीत, दोन खोल्यांचे. माणसे नऊ. रात्रीची जेवणे आटोपली, भांडी घासून झाली, की वडील जमाखर्चाची वही काढून बसत. दिवसाचा खर्च मांडून झाला की खाली 'उद्या' असे लिहून त्यापुढे दळण, रॉकेल, धाकट्याची फी अशी कामे टिपून ठेवीत आणि वही मिटीत. आम्ही मुलांनी मोरीत पाय धुवून यायचे. आजी आळीपाळीने एकेकाच्या तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने चोळायची. मग वळकट्या सुटायच्या. कोणी भिंतीकडे, कोणी दाराकडे, या जागा ठरलेल्या. त्यावरून होणारी भांडणेसुद्धा ठरलेली! उशाशी तांब्या-भांडे, दाराला कडी, आणि शेवटी आजीचा आवाज : "मालवा रे आता दिवा!" दिवा एकच होता. तो गेला की वडिलांचा दिवस संपे, आईचा संपे आणि आमचाही संपे. शेजारच्या खोलीतली विविधभारती तेवढी भिंतीतून झिरपत राही.

म्हणजे तिथे सगळे सुखच होते असे नव्हे. ढेकूण होते, उकाडा होता, काकांचे घोरणे होते. तरी झोप लागे. ती का लागे, याचा उलगडा पुढे शास्त्रज्ञांनी केला, आणि तो वाचताना मला आजीची फार आठवण झाली.

झोप लागण्यापूर्वी शरीराच्या आतली उष्णता थोडी उतरावी लागते. हातापायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावल्या की ती उष्णता त्वचेवाटे बाहेर पडते. पाय ऊबदार असले की झोप लवकर लागते, हे स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या संशोधकांनी १९९९ साली दाखवून दिले. आजीची काशाची वाटी तळपायात ऊब आणीत असे, ती याच वाटेवरची! २०१८ साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात एक प्रयोग झाला. निजण्यापूर्वी पाच मिनिटे ज्यांनी उद्याच्या कामांची यादी लिहिली, त्यांना झोप लवकर लागली. ज्यांनी झालेली कामे लिहिली, त्यांना सरासरीने नऊ मिनिटे अधिक लागली. वडिलांच्या वहीतला जमाखर्च घरासाठी होता. झोपेसाठी होती ती खालची 'उद्या'ची ओळ. जिनिव्हात २०११ साली मोठ्या माणसांना हलक्या झुलत्या पलंगावर दुपारचे निजवले, तर ती स्थिर पलंगावरच्यापेक्षा लवकर झोपली. लुगड्याची झोळी बांधणाऱ्या आपल्या बायकांना हे कोणी सांगायला नको होते.

परंतु जुने ते सगळे सोने, असे मी म्हणणार नाही. याच मुंबईत गेल्या शतकाच्या आरंभी गिरणीत कामाला जाणाऱ्या कित्येक आया तान्ह्या मुलांना अफू घातलेली 'बाळागोळी' देऊन निजवीत. पोटासाठी कामावर जायचे तर मूल निजलेच पाहिजे; त्या माऊल्यांचा काय दोष? पण गुंगी म्हणजे झोप नव्हे. आजही कोणी शेजारीण तान्ह्याला जायफळ उगाळून द्यायला सांगते. जायफळ अधिक झाले तर बाधते, आणि तान्ह्याच्या बाबतीत 'अधिक' किती ते वाटीत मोजता येत नाही. झोपेला औषध लागत नाही, क्रम लागतो. लहान मुलांना रोज त्याच वेळी अंघोळ, मग हलके मालीश, मग शांत गाणे किंवा गोष्ट, असे दोन आठवडे ओळीने केले तर ती लवकर झोपतात आणि रात्री कमी उठतात, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. चारशेहून अधिक आया त्यात सामील होत्या.

आता आमच्या घराकडे येतो. चाळ सुटली. उपनगरातल्या या जागेत खोल्या चार आणि दिवे अकरा आहेत. त्याखेरीज प्रत्येकाच्या हातात एक बारावा दिवा, तो तर पांघरुणातसुद्धा जळतो! अंधार पडला की मेंदूतली एक ग्रंथी मेलाटोनिन नावाचे द्रव्य सोडते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी देते. डोळ्यांवर उजेड राहिला की ती वर्दी लांबते. मुलगा कामावरून येतो रात्री दहाला. सुनेच्या कचेरीचे साहेब अमेरिकेत, तेव्हा त्यांची सकाळ ती हिची रात्र. नऊ वाजले की ती दार लोटून कामाला बसते. आणि सहा वर्षांचा नातू साडेअकरापर्यंत या खोलीतून त्या खोलीत भटकत असतो. या वयाच्या मुलाला दिवसाच्या चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप हवी. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असा आदेश काढला तो मुलांच्या झोपेसाठीच. पण रात्रीच तासभर अधिक जागरण झाले तर सकाळचा तो तास गेला कुठे?

एके दिवशी सून स्वैपाकघरात डोळे पुसताना दिसली. म्हणाली, "बाबा, तो लवकर निजावा असं मलाही वाटतं. पण लवकर निजला तर मला भेटणार कधी?" या प्रश्नाला कुठल्याही विद्यापीठात उत्तर नाही. ते घरातच शोधावे लागले.

ठरले ते असे. साडेआठला सगळे फोन जेवणाच्या टेबलाजवळच्या फडताळात. नातवाने पाय धुवून यायचे. त्याच्या तळपायाला तेल सुनेने लावायचे. ती वीस मिनिटे तिची, त्या वेळी साहेब कितीही मोठा असला तरी थांबेल. उद्याचे दप्तर भरायचे. मग मी एक गोष्ट सांगायची. तोंडी, मंद दिव्यात, आणि एकच. पहिले चार दिवस त्याने पाणी मागितले, शू म्हणाला, वाघ मेल्यावर पुढे काय झाले ते विचारले. आम्ही क्रम सोडला नाही. दुसऱ्या आठवड्यात एका रात्री वाघ यायच्या आधीच तो झोपला. तो वाघ अजून जंगलातच आहे.

माझ्या झोपेची कथा थोडी वेगळी. तीन वर्षांपूर्वी पत्नी गेली. चाळीस वर्षे ती रोज रात्री दिवा मालवण्याआधी विचारायची, "गॅस बघितलात का?" आणि मी रोज कुरकुरत उठायचो. ती गेल्यावर कोणी विचारीना, आणि रात्र काही केल्या मिटेना. डॉक्टरांनी सांगितले की, दुपारी चारनंतर चहा नको. पेंग आल्याशिवाय अंथरुणाला पाठ लावू नका. झोप येत नसेल तर तळमळत पडू नका, उठून खुर्चीत बसा. अंथरूण म्हणजे झोप, ही गाठ पक्की बसली पाहिजे. ही रीत बूटझिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली मांडली. तिचा मला उपयोग झाला. महिनोन्‌महिने झोप नसेल, किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर आपणही घरगुती उपायांवर न थांबता डॉक्टरांकडे जावे.

पण खरा उपयोग झाला तो नातवाचा. दप्तर भरल्यावर आणखी एक काम मी त्याच्याकडे दिले आहे. तो स्वैपाकघरात जातो, टाचा उंचावून बघतो आणि तिथूनच ओरडतो, "आबा, गॅस बघितला!" अजूनही पहाटे तीनला कधीकधी मला जाग येते. मात्र रात्र मिटते.

आता दिवाळी आली आहे. चार दिवस फराळ, पाहुणे, फटाके आणि पहाटेचे अभ्यंगस्नान यांत कसला क्रम नि कसली झोप! जागा, खुशाल जागा. दिवाळी काही झोपण्यासाठी नसते. पण भाऊबीज झाली, पाहुणे गेले, की घरातली सगळी मंडळी एका जागी बसवा आणि एवढेच ठरवा : आपल्याकडे रात्री दिवा कोणी मालवायचा? पणत्या लावायला पुष्कळ हात पुढे येतात. या कामाला एकच पुरतो. पण तो रोज हवा.