साखळी

वसईच्या वाडीत मामांनी मोत्या नावाचा कुत्रा पाळला होता. एके रात्री ते त्याची साखळी सोडायला विसरले. सकाळी पाहतो तो केळीचे चार घड नाहीसे! रागाने त्यांनी साखळीच काढून टाकली, तर दुसऱ्या दिवशी मोत्याने दूधवाल्याची पोटरी धरली. "साखळी असावीही लागते आणि सोडताही यावी लागते," मामी म्हणाल्या. हे वाक्य मला फार वर्षांनी आठवले.

मामांना तोंडाचा कर्करोग झाला. तंबाखूची मैत्री फळास आली. डॉक्टर सांगू लागले, रक्तातल्या पहारेकरी पेशींनाही एक साखळी असते, तिचे नाव पीडी-वन. तिचे जनुक 1992 साली जपानात तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत सापडले. ते जनुक काढून टाकलेल्या उंदरांचे पहारेकरी स्वतःच्याच सांध्यांवर आणि मूत्रपिंडांवर तुटून पडले, हे 1999 साली दिसले. उलट कर्करोगाची गाठ लबाड. ती हीच साखळी आवळते आणि पहारेकरी चोर समोर असून गप्प बसतो! साखळी सैल करण्याची वाट दाखवल्याबद्दल होन्जो आणि जेम्स ॲलिसन यांना 2018 साली नोबेल मिळाले.

औषधाची किंमत ऐकून मामा हसले, "वाडी विकू काय?" पण परळच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी 2022 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. डोके-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात नेहमीच्या गोळ्यांबरोबर दर 3 आठवड्यांनी अवघे 20 मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले, तर वर्षभर जगणारे शेकडा 16 होते ते 43 झाले. एरवीची मात्रा दर 2 आठवड्यांना 240 मिलिग्रॅम! मामांनाही तोच थेंब मिळाला.

गाठ ओसरू लागली, आणि मामांची बोटे सुजली. मामींना आमवात जुनाच. त्यांचे पहारेकरी कोणी न सोडताच घरच्यांना चावत आलेले. आता सकाळी दोघांनाही चहाचा कप धरवेना. "मोत्याने पोटरी धरली गं," मामा म्हणाले.

डॉक्टरांनी औषध थांबवले. सूज उतरली. पुन्हा सुरू करावे का, असे त्यांनी मामांनाच विचारले. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सोडा. पण टोक हातात ठेवा."

यंदा करंज्यांना मुरड मुलांनी घातली. वेडीवाकडी होती. ओटीवर बसून दोघांनी त्या चवीने खाल्ल्या.