फिकट अक्षरांचा तक्ता

चाकूरला डोळे तपासताना एक वाक्य रोज कानावर पडतं, "दिसतंय की, पण धुरकट दिसतंय." हे सांगणारी आजी 6/9 ची ओळ मात्र न अडखळता ओळखते. ओळ वाचली म्हणून तिची तक्रार खोटी ठरत नाही.

1862 साली हर्मन स्नेलेननं केलेला तक्ता बारीक किती दिसतं ते सांगतो. 6/6 च्या ओळीतलं अक्षर नऊ मिलिमीटरपेक्षाही लहान, सहा मीटरवरून बघायचं. पण ते काळंकुळकुळीत, आणि मागचा पुठ्ठा पांढराशुभ्र. दिवेलागणीला काळ्या रानातून घरी येताना पायवाटेवरचा खड्डा चांगला मोठा असतो. तो फक्त मातीत मिसळून गेलेला असतो. उंबऱ्याची कडही तशीच.

त्यासाठी माझ्याकडे पेली-रॉबसनचा तक्ता आहे, 1988 मधला. सगळी अक्षरं एकाच मापाची, मोठी. दर तीन अक्षरांनी शाई फिकी होते, दोन टप्प्यांत निम्मी. शेवटची अक्षरं कागदापेक्षा जेमतेम अर्धा टक्का गडद. पेशंट एक मीटरवर. अक्षरं रोमन, म्हणून हातात तीच अक्षरं ठळक छापलेलं कार्ड देतो; दिसेल त्यावर बोट ठेवायचं. तीनपैकी दोन चुकली की तिथं थांबायचं.

खरी कसोटी उजेडाची. खिडकीतलं ऊन एका कोपऱ्यावर आलं तरी माप बिघडतं. तक्त्याला कुणाला हात लावू देत नाही. घामाचा डाग शेवटच्या अक्षरांपेक्षा गडद उठतो. आणि घाई तर अजिबात चालत नाही.

"आता कोराच कागद हाय, सर."

"बघत राहा, मावशी. अंदाजानं सांगा."

थोड्या वेळानं त्या कोऱ्या जागेतून अक्षर वर येतं आणि बोट बरोबर पडतं. या कामातला मला सगळ्यात आवडणारा क्षण हाच.

इथं सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. भरतीची तयारी करणारी पोरं 6/6 ची खात्री करायला येतात. त्यांनाही हा तक्ता दाखवतो; पहारा काही भर उन्हातच द्यायचा नसतो.

मोतीबिंदूत भिंग गढूळ होऊन प्रकाश विखुरतो, काळ्यावर राखाडी साय चढते. बारीक अक्षर बरेच दिवस ओळखू येतं, फिकट आधी हरवतं. म्हणून पुढं पाठवताना चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहितो, 6/9 आणि त्याखाली फिकट अक्षरांच्या तक्त्याचा 1.05. नुसतं 6/9 पाहिलं तर "अजून पिकला नाही" म्हणून आजीला सहज परत पाठवलं जाईल.