काय काय दाखवलंत?

आई-बाबा आमच्याकडून, दुबईहून चिपळूणला परत गेले आणि तेव्हापासून लिफ्टमध्ये, ऑफिसात, तिकडच्या नातेवाइकांच्या फोनवर सगळे मला एकच विचारतायत. काय काय दाखवलंत? विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं. कौतुकानेच विचारतात. पण दर वेळी उत्तर देताना मला राग येतो, आणि तो का येतो हे आज लिहून काढायचं आहे.

यादी सगळ्यांनाच पाठ असते. बुर्ज खलिफा, दुबई मॉल, दुबई फ्रेम, वाळवंटातली सफारी, ग्लोबल व्हिलेज, एक दिवस अबू धाबी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रीय दिनाची सुट्टी जोडून येते, हवा छान असते, त्यामुळे आठवडाभरासाठी आजी-आजोबांना बोलावण्याचा हाच काळ. आणि आठवडाच हातात म्हटल्यावर रोज एक, कधी दोन ठिकाणं कोंबली जातात. माझा नवरा म्हणतो, एवढ्या लांबून येतात, मग त्यांनी बघायला नको का? त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. बुर्ज खलिफाच्या वरच्या मजल्यावरून खाली समुद्र आणि वाळवंट एकाच नजरेत दिसले तेव्हा बाबा बराच वेळ काचेपाशी उभे होते, हे मी पाहिलंय.

पण बुर्ज खलिफा उभा ८२८ मीटर आहे, आणि मेट्रो स्टेशनातून त्याच्याकडे नेणारा पूल आडवा सुमारे ८२० मीटर. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी दुसरा आकडा महत्त्वाचा. पुलावर सरकते पट्टे आहेत, पण प्रत्येक पट्ट्यावर चढता-उतरताना आईची बोटं माझ्या दंडात रुतायची. पूल संपला की मॉल सुरू होतो, आणि तोही चालायचाच. संध्याकाळी घरी आल्यावर ती पायांना तेल लावत बसली. नात बाजूला येऊन बसली तेव्हा आजीला बोलायचंही त्राण नव्हतं. त्या दिवशी आम्ही त्यांना पुष्कळ दाखवलं, आणि दोघींची गाठ पडली ती दिवा मालवायच्या वेळी.

मला सारखी आठवण येते ती आमच्या आजोळची. राजापूर तालुक्यातलं गाव. मे महिना लागला की एस.टी.ने तिकडे जायचं ते जूनमध्ये शाळेची पुस्तकं आणायची वेळ झाली की परत. इतक्या दिवसांत आम्हाला कोणी काही दाखवल्याचं मला आठवत नाही. राजापूरची गंगा आली असेल तर तिथे स्नानाला, उन्हाळे गावातल्या गरम पाण्याच्या झऱ्यावर, एवढीच काय ती सहल. बाकी दिवस म्हणजे आजीच्या घरातलं काम. रातांबे फोडायला बसायचं, हात लालभडक व्हायचे. फणसपोळीच्या ताटांवर कावळे बसू नयेत म्हणून पडवीत राखण करायची. काजूच्या बिया भाजताना चिक अंगावर उडू नये म्हणून लांब उभं राहायचं आणि आजीच्या शिव्या खायच्या. आजोबा दुपारी रत्नागिरी आकाशवाणी लावून आडवे व्हायचे आणि आम्ही आवाज केला की नुसते खाकरायचे.

कंटाळा यायचा. भरपूर यायचा. त्या कंटाळ्यातच आम्ही आजीला विचारायचो, तुझं लग्न कसं झालं, विहिरीत पडलेली म्हैस कशी काढली, मामा लहानपणी कसा होता. सांगायला तिला वेळ होता, कारण तिचे हात चालूच असायचे. आम्ही तिच्याकडे पाहुणे नव्हतो, ती आमच्यासाठी वेगळी थांबली नव्हती. आज मला माझी आजी म्हणून जे काही माहीत आहे ते सगळं त्या रिकाम्या दुपारांमधलं आहे. आता आजोळच विमानात बसून नातवंडांकडे येतं, तेही एका आठवड्यासाठी, आणि त्या आठवड्यात एकही दुपार रिकामी ठेवायची नाही असा आपला चंग असतो. माझी लेक आजीला रोज व्हिडिओ कॉलवर बघते. चेहरा, आवाज, बातम्या, सगळं तिला मिळतं. मिळत नाही तो एकत्र कंटाळा, आणि त्यासाठीच तर तिकीट काढायचं असतं.

येण्यावरून आठवलं, सामानाचं सांगायलाच हवं, कारण या मोसमात पुष्कळ जणांचे आई-वडील निघतील. डिसेंबर म्हटला की आपल्याकडच्या आया डिंकाचे लाडू करतात, आणि त्यात भाजलेली खसखस असते. अमिरातीत खसखस आणायला सक्त बंदी आहे. खसखस अफूच्या बोंडातली, म्हणून इथला कायदा तिला अमली पदार्थांतच धरतो. पुडी छोटी आहे, घरच्यापुरती आहे, हे कारण चालत नाही. अटकेपर्यंत पाळी येऊ शकते. नुसती पुडी काढून ठेवून भागत नाही, कारण खसखस लपलेली असते. अनारशाला ती वरून लावलेली असते. करंजीच्या सारणात असते. पुष्कळ घरांच्या गोड्या मसाल्यात, कांदा-लसूण मसाल्यात ती कुटलेली असते आणि करणारीलाही चटकन आठवत नाही. म्हणून फोनवर ‘खसखस आणू नकोस’ एवढंच म्हणू नका. एकेका डब्याचं नाव घेऊन विचारा. आईने या वेळी लाडवांत खसखशीऐवजी भाजलेले तीळ घातले. चव वेगळी, पण लाडू उत्तम झाले होते.

औषधांचं त्याहून अवघड. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्या, झोपेच्या काही गोळ्या इथे नियंत्रित यादीत आहेत. आपल्याकडे गुडघ्याच्या दुखण्यावर ट्रॅमाडॉल सर्रास दिलं जातं आणि घेणाऱ्याला नावही माहीत नसतं. अशा औषधांना सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. बाकीच्या, म्हणजे रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्यांसाठीसुद्धा डॉक्टरांची चिठ्ठी जवळ हवी आणि गोळ्या मूळ पाकिटात हव्यात. हे शेवटचं आपल्या लोकांना पटवणं कठीण. आईने नेहमीप्रमाणे कात्रीने पाकिटं कापून मोजक्या गोळ्या काढल्या होत्या आणि त्या कापाकापीत औषधाचं नाव अर्धं मागे राहिलं होतं. व्हिडिओ कॉलवर मी ते पाहिलं, म्हणून तिने अख्खी पाकिटं परत भरली. तुमच्याकडच्यांनाही कॅमेऱ्यासमोर पिशवी उघडायला सांगा. त्यांना वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं.

आता आठवड्यातल्या चांगल्या भागाकडे येते. आईचं घड्याळ चिपळूणचंच राहिलं. तिकडे पाच वाजले की तिला जाग येते, म्हणजे इथे साडेतीन. दोन-तीन दिवस ती अंधारात नुसती बसून राहिली. मग एके पहाटे लेक उठून तिच्याजवळ गेली, आणि सहा वाजता मी पाहते तर दोघींनी ओट्यावर घावन घालायला घेतले होते. घावनाला जाळी का पडते, तवा किती तापला म्हणजे पीठ टाकायचं, हे सगळं आजीचं सांगून झालं होतं. यातलं काही मी ठरवलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मार्गशीर्षातला गुरुवार आला. आई व्रत सोडणार नव्हती. करामातल्या दुकानात आंब्याची पानं, फुलं, पाच फळं मिळाली, आणि त्या दिवसाची अबू धाबीची सहल आम्ही रद्द केली. कलश मांडला. आजीने पोथी नातीच्या हातात दिली. लेकीचं मराठी वाचन अजून जोडाक्षरांपाशी अडतं, आणि या कहाणीतला राजा तर भद्रश्रवा. ती अडखळली की आजी डोळे मिटून पुढचा शब्द म्हणायची. पोथी संपल्यावर लेकीने विचारलं, “त्या म्हातारीला राणीने घरात का नाही घेतलं?” आणि मग आजी-नातीचं जे बोलणं सुरू झालं ते नैवेद्य गार होईपर्यंत. संध्याकाळी शेजारच्या मल्याळी बाई हळदीकुंकवाला आल्या. आईने त्यांना फळ देऊन वाकून नमस्कार केला, कारण त्या दिवशी त्या तिच्यासाठी लक्ष्मी होत्या.

बाबांना सगळ्यात आवडलं ते खाडीवरचं अब्रा. बर दुबईहून डेऱ्याला लाकडी होडीतून जायला एक दिरहम. बाबांची उभी हयात बँकेत गेली, त्यामुळे दिरहम दिसला की रुपये करून बघायचे हे त्यांचं चालूच होतं. होडीत बसल्यावर त्यांनी नातीला सांगितलं की या खाडीवर एके काळी आपलेच रुपये चालायचे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळे रुपये छापले, कारण सोन्याच्या चोरट्या व्यापारात भारताची परकीय गंगाजळी आटत होती. १९६६ मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि इथल्यांनी रुपया सोडला. दिरहम आला तो १९७३ मध्ये. इतकी वर्षं मी या खाडीवरून ये-जा करते, मला यातलं काही माहीत नव्हतं. डेऱ्याला उतरून लगेच दुसऱ्या होडीने परत, असं आजोबा-नातीने दुपारभर चालवलं. मसाल्यांचा बाजार आणि सोन्याचा बाजार दोन्ही पलीकडे चार पावलांवर होते, पण ते बघायचे राहिले आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

हे सगळं जमायला लागलं तेव्हा आठवडा संपत आला होता. पहिले तीन दिवस माणसं पाहुणे असतात. चौथ्या दिवशी त्यांना चहाचा डबा कुठे आहे ते कळतं, पाचव्या दिवशी घरातलं एखादं काम त्यांचं होतं, आणि सातव्या दिवशी बॅगा भरायच्या असतात. आठवडा कमी पडतो, असं माझं स्पष्ट मत झालंय. चिपळूणहून मुंबईला रेल्वेने पाच-सहा तास लागतात, मुंबईहून इथे विमानाला साधारण तीन. पर्यटक व्हिसा तीस दिवसांचाही मिळतो, साठ दिवसांचाही. आठवड्याचं तिकीट आपण काढतो, आपल्या रजेच्या हिशोबाने. पण त्यांच्यासोबत राहायला आपली रजा लागतेच असं नाही. आपण कामाला गेलो, मुलं शाळेत गेली, तरी दुपारी बस थांब्यावर आली की घ्यायला आजोबा उभे असतील, आणि हेच मुलांना हवं आहे.

म्हणून ज्यांचे आई-वडील निघायचे आहेत त्यांना माझं सांगणं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान बोलवा, नंतर ऊन सोसत नाही. तिकीट निदान पंधरा दिवसांचं काढा. यादीतल्या दोनच जागा ठेवा, त्याही त्यांना विचारून. आणि डबे भरायच्या आदल्या दिवशी घरी फोन करून एकेका मसाल्याचं नाव घ्या.