तीन शेतांचं गाव

युक्रेनी भाषेत 'त्रि' म्हणजे तीन आणि 'पोले' म्हणजे शेत. त्यावरून त्रिपिल्या. पहिलं अक्षर तरी आपल्या ओळखीचंच.

कीव्हच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर, नीपरच्या उजव्या, उंच काठावर हे गाव आहे. नदीकडे उतरणाऱ्या टेकड्या, त्यांच्यात पावसानं कोरलेल्या घळी आणि पिवळसर, भुसभुशीत माती. ही माती वाऱ्यानं हजारो वर्षं आणून टाकलेली. समोरची नदी आता तलावासारखी पसरली आहे. 1970च्या दशकात खाली कानिव्हला धरण झालं आणि काठची सखल कुरणं पाण्यात गेली.

मूळचा बोहेमियाचा पुरातत्त्वज्ञ व्हिकेंती ख्वोयका कीव्हमध्ये स्थायिक झाला होता. 1896-97च्या सुमारास त्यानं गावाजवळच्या टेकड्या खणल्या, तेव्हा भाजलेल्या मातीचे थरच्या थर लागले. एखादा तुकडा हातात घेतला तर त्यात फांद्यांचे गोल ठसे दिसतात, मातीत कालवलेल्या तुसाच्या बारीक खुणा दिसतात. म्हणजे ही कुडाची भिंत! फांद्या विणायच्या, वर भुसा मिसळलेला गारा थापायचा. सहा हजार वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी अशी घरं बांधली, आणि युक्रेनच्या खेड्यांतली चुन्यानं पांढरी केलेली जुनी घरंही पुष्कळदा अशाच भिंतींची असत.

ही घरं जळली म्हणून आपल्याला कळली. साधं मातीचं घर पडलं की मातीत मिसळून जातं. भाजलेलं विटेसारखं टिकतं. रहिवाशांनीच ती मुद्दाम जाळली असावीत, असं बरेच अभ्यासक मानतात. का, याचं उत्तर त्यांच्याबरोबर गेलं. त्यांची भांडी मात्र राहिली. चाकाशिवाय घडवलेले मोठाले रांजण, आणि त्यांच्या अंगावर फिरत जाणारी वळणं. एका वळणाचं शेपूट पुढच्या वळणात शिरतं, रेघ कुठे सुरू झाली ते सापडत नाही. धान्याच्या रांजणावर इतका वेळ खर्च करणारी माणसं मला फार जवळची वाटतात. त्या संस्कृतीला जगानं या खेड्याचंच नाव दिलं.

पुढचा इतिहास असा निवांत नाही. 26 मे 1093 रोजी इथे पोलोव्हत्सी या भटक्या टोळ्यांनी कीव्हच्या राजपुत्रांचा पराभव केला. माघार घेताना पुराच्या स्तुग्ना नदीत त्यांच्यातला तरुण रोस्तिस्लाव्ह बुडाला. त्याला धरायला गेलेला भाऊ व्लादिमिर मोनोमाख स्वतः बुडता बुडता वाचला. स्तुग्ना ही नीपरची एक लहानशी उपनदी. पण तिचं नाव निघालं की हा बुडालेला मुलगा आठवतोच.

आणि 1932-33. धान्य पिकवणाऱ्या कीव्ह प्रांतातून सोव्हिएत सत्तेनं धान्य ओरबाडून नेलं आणि लोक उपाशी मेले. ज्या मुलखात गावाच्या नावातच शेतं आहेत, तिथे भाकरीवाचून माणसं मरावीत, हे वाचताना आजही पोटात कालवतं.

गावाला लागून, उक्राईन्का या छोट्या शहरात, एक मोठं औष्णिक वीजकेंद्र उभं राहिलं. 1800 मेगावॉटचं. कीव्ह, झितोमिर आणि चेर्कासी प्रांतांना इथून वीज जाई. 11 एप्रिल 2024 रोजी रशियन क्षेपणास्त्रांनी ते जाळलं. त्या केंद्राचं नाव त्रिपिल्स्का, याच गावावरून ठेवलेलं.