लॉकडाऊनमधला वसंत आणि आईचा खराटा

पुण्यात कोरोनाचे पहिले दोन रुग्ण सापडले 9 मार्च 2020 ला. दुसऱ्या दिवशी सावित्रीमाईंचा स्मृतिदिन होता. 1897 च्या प्लेगमध्ये मुंढव्याचं एक आजारी पोर पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या आणि त्याच प्लेगने 10 मार्चला त्यांचा जीव घेतला. आम्ही पोरांनी त्या दिवशी ग्रुपवर नेहमीप्रमाणे अभिवादन टाकलं. साथ आपल्या दारात आलीय हे कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

पंधरा दिवसांत सगळं बंद झालं. मी चाकणला एका कंपनीत कंत्राटी. कंत्राटदाराने फोनवर एवढंच सांगितलं, "बोलावलं की या." पगाराचं विचारलं तर फोन कट. आम्ही कासारवाडीत रेल्वे लाइनच्या बाजूला राहतो. आईची सकाळ लोणावळा लोकलच्या आवाजावर चालायची. लोकल बंद झाल्यावर ती रात्री दोनदा-तीनदा उठून घड्याळ बघायची. तिला सुट्टी नव्हती. ती रस्ते झाडते, कंत्राटीच. अत्यावश्यक सेवा!

रिक्षा बंद, सहा आसनी बंद. अंधारात ती एकटी जाणार म्हणून मी सोबत निघालो. तिच्याकडे ओळखपत्र होतं, माझ्याकडे काहीच नव्हतं. नाशिक फाट्यावर पोलिसाने अडवलं की ती म्हणायची, "साहेब, पोरगा हाय, सोडायला आलाय." इतकी वर्षं मला वाटायचं घर मी चालवतो. त्या दिवसांत मी रस्त्यावर दिसू शकत होतो तो आईच्या ओळखपत्रावर.

खरं सांगायचं तर ते चालणं मला आवडायला लागलं होतं. जुन्या मुंबई-पुणे हायवेवर एक गाडी नाही. मेट्रोचे खांब अर्धवट उभे. पवनेकडून गार वारा यायचा. एरवी कंपनीच्या बसमध्ये बसलो की झोपायचं आणि चाकणला उतरायचं, त्यामुळे रस्त्याच्या कडेला इतकी झाडं आहेत हेच माहीत नव्हतं. एका भिंतीत उगवलेल्या पिंपळाला तांबूस कोवळी पालवी फुटली होती. कडुनिंबाच्या मोहोराचा वास यायचा. मी पिंपळाचा फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला, "माणूस थांबला, निसर्ग श्वास घेतोय." शंभरच्या वर लाइक आले. कौतुकाने आईला दाखवला.

तिने मोबाईल लांब धरून बघितला. म्हणाली, "पालवी दिसली व्हय तुला. तिच्या आधी पान गळतं, ते कुठं जातं?"

तिचं उत्तर समोरच होतं. फेब्रुवारी-मार्च म्हणजे तिच्यासाठी वर्षातला सगळ्यात वाईट काळ. एरवी एक ढीग, या दिवसांत तीन. झाडून मागे वळावं तर रस्ता परत पानांनी भरलेला. त्यात अर्ध्या बायका भीतीने येईनात, म्हणून मुकादमाने बीट वाढवून दिलेलं. कंत्राटदाराने एक कापडी मास्क दिला होता, तोच रोज धुवायचा. घराघरातून वापरलेले मास्क कचऱ्यात येत होते ते वेगळंच. वसंत ऋतूवर मराठीत किती लिहिलंय, शाळेत पाठही केलंय. ते पान उचलणारी बाई त्यात मला कुठे भेटली नव्हती, आणि मीसुद्धा तिला माझ्या फोटोबाहेरच ठेवलं होतं. पोस्ट मी काढून टाकली.

22 मार्चला संध्याकाळी पाच वाजता तिच्या बीटवरच्या सोसायटीतही थाळ्या वाजल्या असतील. मी आता सांगतोय ते त्यानंतर आठ-दहा दिवसांचं. ऊन चढलं होतं. त्या सोसायटीच्या गेटजवळच्या नळावर आई वर्षानुवर्षं पाणी प्यायची. त्या दिवशी वॉचमन म्हणाला, नळाला हात लावायचा नाही, मीटिंगमध्ये ठरलंय. तेवढ्यात तळमजल्यावरच्या एक बाई तांब्या घेऊन आल्या. आईने ओंजळ धरली, त्यांनी वरून पाणी ओतलं. आई प्यायली. मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो.

येताना मी म्हणालो, "आई, सध्या सगळेच अंतर ठेवतात. कोरोना आहे."

ती थोडं चालली. मग म्हणाली, "दूधवाल्याची पिशवी ती हातातनं घेती. मी रोज बघते."

मित्रांनो, मी यावर खूप वाद घातलेत, फेसबुकवर, ग्रुपवर. 'सोशल डिस्टन्सिंग' या शब्दावर आपल्यातल्या अनेकांनी आक्षेप घेतला तेव्हा लोक म्हणाले, तुम्हाला सगळ्यात जातच दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने स्वतःच 20 मार्चला सांगितलं होतं की आम्ही आता 'शारीरिक अंतर' म्हणतो, कारण माणसांनी एकमेकांपासून तुटावं असं आम्हाला म्हणायचं नाही. 20 मार्च. महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं तो 1927 चा दिवस. पण माझ्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा आईची कसोटी सरळ होती. विषाणूला भिणारा माणूस सगळ्यांनाच लांब ठेवतो. ज्याचं अंतर माणूस बघून कमी-जास्त होतं, त्याची भीती वेगळी असते. त्या बाई दुष्ट नव्हत्या, उन्हात पाणी घेऊन आल्या होत्या. म्हणूनच ते जास्त लागलं. ओंजळ कशी धरायची हे आईला कुणी शिकवावं लागलं नाही, उस्मानाबादकडच्या गावात ती लहानपणी तसंच पाणी प्यायली होती.

दुसऱ्या दिवशी पानांचा ढीग बघून मी खराटा घ्यायला हात पुढे केला. तिने तो असा हिसकावला की मी दचकलोच. "ह्याला हात लावायचा न्हाई. तुझ्या हातात हे येऊ नये म्हणून मी करते." बाबासाहेबांनी श्रमविभागणी आणि श्रमिकांची विभागणी यातला फरक 1936 साली मांडला. मी त्यावर अभ्यासवर्गात बोललोय. पण रस्ता मोकळा, आई दमलेली, आणि आम्ही दोघं एका खराट्यावरून भांडतोय, याला काय म्हणायचं ते मला त्या वर्गात सापडलं नव्हतं.

14 एप्रिलला जयंती घरीच केली. मिरवणूक नाही, पिंपरी चौकात जाणं नाही. आई ड्युटीवरून आली, अंघोळ केली आणि मेणबत्ती तिनेच लावली.

त्या सोसायटीत जाऊन मी काही बोललो का? नाही. बोललो असतो तर तिचं बीट बदललं असतं किंवा काम गेलं असतं, हे मी स्वतःला सांगितलं. मी एवढंच केलं की दोन बाटल्या पाणी घरून न्यायला लागलो. आपलं पाणी आपण बरोबर न्यायचं, नळाकडे बघायचंच नाही. आजोबाही हेच करायचे, हे मला चालता चालता आठवलं आणि बाटल्या जड वाटायला लागल्या.

जूनमध्ये कंपनीने बोलावलं. मी परत बसमध्ये झोपून चाकणला जायला लागलो. सोसायटीचा नळ आता सगळ्यांना खुला आहे म्हणे. आई अजून बाटली घरूनच नेते.