भरल्या गाडीची वाट: न्हावा शेवा ते चाकण आणि परत

सोमवार. कळंबोली, मग न्हावा शेवा

नवी मुंबईत राहणाऱ्याला ट्रेलर रोज दिसतो. कळंबोली सर्कलला दिसतो, उरण फाट्याला दिसतो, गव्हाण फाट्याच्या लांबलचक रांगेत दिसतो. आपण त्याच्या बाजूनं जीव मुठीत धरून गाडी काढतो आणि पुढे जातो. या वेळी त्याच्यातच बसायचं, ओझं घेऊन बोरघाट चढायचा आणि ओझं घेऊनच उतरायचा असं ठरवून सकाळी कळंबोलीला पोचलो.

गाडी पाच ॲक्सलची, अठरा टायरांची. इंजिन असलेला पुढचा भाग म्हणजे घोडा आणि मागे चाळीस फुटी ट्रॉली. ड्रायव्हरकाका बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले, क्लीनर म्हणून सोबत त्यांचा भाचा. बाहेर श्रावणाची भुरभुर चालू होती. काकांनी लोखंडी टॉमी उचलली आणि एकेक टायर ठोकत गाडीला फेरी मारली. हवा भरपूर असलेला टायर टणक वाजतो, बसलेला बद्द वाजतो. जोडटायरातला एक बसला तर त्याचा सगळा भार शेजारच्यावर जातो, तो तापतो आणि फुटतो. बाहेरून मात्र दोन्ही टायर सारखेच दिसतात, म्हणून कानावर भिस्त.

मग जोडणी. ट्रॉलीच्या पोटाखाली पन्नास मिलिमीटर जाडीची पोलादी किंगपिन असते. घोड्याच्या पाठीवरच्या फिफ्थ व्हीलच्या जबड्यात ती अडकते. सगळं ओझं या एका पिनेच्या भरवशावर चालतं. काकांनी लाल आणि पिवळी हवेची नळी जोडली, ट्रॉलीचे ब्रेक लावून ठेवले आणि घोडा हळूच पुढे ओढला. ट्रॉली जागची हलली नाही. जबडा पक्का बसल्याची हीच परीक्षा, आणि ती झाल्याशिवाय ते निघत नाहीत.

दुपारी बंदरात. न्हावा आणि शेवा या गावांच्या किनाऱ्यावर २६ मे १९८९ रोजी हे बंदर सुरू झालं आणि उरण-पनवेल पट्ट्याचा सगळा रस्ताच त्यानं बदलून टाकला. आमच्या वाट्याला चाळीस फुटी आयात कंटेनर आला. कागदावर कंटेनरसकट वजन २६ टन, दाराला सील. आत माल कसा रचलाय, पुढे जास्त आहे की मागे, हे काकांना ठाऊक नाही आणि सील तोडून बघण्याचा अधिकारही नाही. कुठल्या तरी परदेशी गोदामात कोणीतरी तो भरला आणि आता तो यांच्या पाठीवर आहे.

मंगळवार. पळस्पे, बोरघाट, चाकण

पहाटे निघालो. पळस्प्यावरून शेडुंग, तिथून द्रुतगती मार्ग. खालापूरचा टोलनाका ओलांडेपर्यंत हिशेब समजून घेतला.

या जातीच्या गाडीचं पासिंग, म्हणजे मालासकट परवानगीचं एकूण वजन, ४५.५ टन. हा आकडा तीन तुकड्यांनी बनलेला आहे: पुढच्या ॲक्सलला ७ टन, घोड्याच्या मागच्या चार टायरांच्या ॲक्सलला ११.५ टन आणि ट्रॉलीच्या तिन्ही ॲक्सलना मिळून २७ टन. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारनं मर्यादा वाढवल्या, त्याआधी हेच आकडे ६, १०.२ आणि २४ होते. रिकामी गाडी सव्वाचौदा टनांच्या आसपास. म्हणजे कंटेनर धरून एकतीस टनांपर्यंत वाव राहतो.

पण वाव आहे म्हणून वजन कुठेही ठेवून चालत नाही. ते पुढे सरकलं तर घोड्याचा मागचा ॲक्सल चेपतो, पाट्यांवर आणि टायरांवर ताण येतो. फार मागे गेलं तर उलट घडतं: किंगपिनवरचा भार हलका होतो आणि इंजिन ज्या चाकांना फिरवतं तीच चाकं ओल्या चढावर घसरायला लागतात. खोपोलीनंतरच्या वळणावर पुढे एक ट्रेलर असाच चाकं फिरवत उभा होता. त्याचा क्लीनर पळत पळत चाकाखाली दगड लावत होता.

हे गणित अठरा टायरांपुरतं नाही. अमेरिकेत गाडीमागे कॅराव्हॅन ओढणाऱ्याला सुरुवातीलाच सांगतात की कॅराव्हॅनच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार जोडणीच्या गोळ्यावर हवा. सामान मागे कोंबून तो भार कमी केला, की वेग घेताच कॅराव्हॅन डावीउजवीकडे झोके घेते आणि ओढणाऱ्या गाडीलाही फिरवते. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. उद्या आपल्यातलं कोणी गाडीमागे फिरतं घर जोडून कोकणात उतरणार असेल, तर त्यानं आधी हे शिकावं. गाडीच्या कागदावर किती वजन ओढायला परवानगी आहे, जोडणीवर किती भार चालतो, मागच्या ॲक्सलला किती पेलवतं हे तिन्ही आकडे स्वतंत्रपणे पाळायचे असतात. एक पाळला म्हणून दुसरा आपोआप पाळला जात नाही.

घाट खालच्या गिअरमध्ये चढलो. काकांचा एक डोळा तापमानाच्या काट्यावर. खंडाळ्याला धुकं, लोणावळ्याला चहा. चाकण एमआयडीसीत पोचेपर्यंत दुपार टळली. गाडी खाली झाली ती रात्री उशिरा.

बुधवार. चाकण

परतीचा माल निर्यातीचा: बिडाच्या ओतीव भागांच्या लाकडी पेट्या, प्रत्येकी दीड टनाच्या, एकूण सोळा. फोर्कलिफ्टवाल्यानं भराभर दोनदोनच्या रांगा लावल्या, पुढच्या भिंतीला भिडवून. दाराकडची जागा रिकामीच राहिली. दार लावायच्या आत काकांनी सुपरवायझरला सांगितलं, "सील करू नका साहेब, काट्यावर जाऊन येतो."

रस्त्यापलीकडे वजनकाटा होता. बहुतेक गाड्या तिथे एकदाच चढतात, पावती घेतात आणि जातात. काकांनी तिथे तीन टप्पे केले. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली: ६,१८० किलो. मग पूर्ण घोडा: १८,१०० किलो. मग सगळी गाडी: ४२,१२० किलो. भाच्यानं पावतीच्या पाठीवर वजाबाकी केली. घोड्याचा मागचा ॲक्सल ११,९२० किलो. ट्रॉली २४,०२०.

एकूण वजन पासिंगपेक्षा तीन टनांहून कमी, तरी एका ॲक्सलवर ४२० किलो जास्त. काटेवाल्यानं पावतीवर "अंडरलोड" म्हणून शिक्का मारायला हात पुढे केला होता.

"एवढ्यानं काय होतंय?" कारखान्यात परत आल्यावर सुपरवायझरनं विचारलं. काका आवाज न चढवता म्हणाले, "साहेब, घाट मला उतरायचाय." त्यावर वाद झाला नाही. फोर्कलिफ्ट परत आली. शेवटच्या रांगेतल्या दोन पेट्या सुमारे दीड मीटर दाराकडे ओढल्या, मधल्या मोकळ्या जागेत लाकडी ठोकळे ठोकले, पट्ट्यांनी आवळलं. पुन्हा काटा. घोड्याचा मागचा ॲक्सल ११,४५० किलो. मालाचं एक किलोही कमी केलं नव्हतं. अर्ध्यापाऊण तासाच्या कामानं गाडी कायद्यात आणि आवाक्यात आली.

जादा भाराची किंमत नुसती गाडीच मोजते असं नाही. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ रस्ते बांधून त्यांवर ठरावीक भाराचे ट्रक अखंड चालवून पाहिले गेले. त्यातून निघालेला ठोकताळा आजही वापरतात: ॲक्सलचा भार वाढतो तसं रस्त्याचं नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घातानं वाढतं. ॲक्सलवर वीस टक्के जादा, म्हणजे रस्त्याला जवळपास दुप्पट मार. उरण आणि जासईच्या लोकांनी वर्षानुवर्षं खड्ड्यांतून जी वाट काढली, तिच्यामागचं एक कारण या आकडेमोडीत आहे.

कायदा काय म्हणतो तेही इथेच लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २०,००० रुपये दंड, शिवाय प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आणि जादा माल उतरवण्याचा खर्च. हा दंड गाडी चालवणाऱ्याला आहे, तसाच ती चालवायला लावणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्यालाही आहे. हे दुसरे शब्द कायद्यात आहेत, पण रस्त्यावर हात पुढे होतो तो खिडकीतल्या माणसापुढे.

गुरुवार. बोरघाट उतरताना, मग बंदर

लोणावळा सोडलं की काका बोलणं थांबवतात. घाट सुरू होण्याआधी गाडी बाजूला घेऊन त्यांनी प्रत्येक ड्रमजवळ हात नेऊन ऊब पाहिली, हवेचा दाब पाहिला, नळ्यांचे सांधे पाहिले. मग ज्या गिअरात चढलो होतो, त्याच गिअरात उतरायला सुरुवात केली. एक्झॉस्ट ब्रेक चालू, डावी लेन, पाय ब्रेकवर फक्त अधूनमधून आणि ठामपणे.

लोणावळ्याहून खोपोली साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली आहे. बेचाळीस टन एवढं खाली आणताना जी ऊर्जा सुटते, तिच्यावर सातशे लिटरहून जास्त पाण्याला उकळी येईल. ती कुठेतरी जिरली पाहिजे. इंजिनानं अडवलं तर बराचसा वाटा इंजिन आणि हवा घेते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली तर सगळीच्या सगळी ब्रेकच्या लायनर आणि ड्रमात शिरते. तापलेला लायनर पकड सोडतो. मग ड्रायव्हरनं कितीही पाय दाबला तरी पायाखाली काही उरत नाही. आणि ट्रॉलीचे ब्रेक घोड्यापेक्षा ढिले असले, तर वळणावर ट्रॉली घोड्याला मागून ढकलते आणि गाडी मध्येच दुमडते.

आडोशी बोगद्याच्या अलीकडे काकांनी नुसती मान हलवली. जुलै २०२५ मध्ये याच भागात ब्रेक गेलेला एक कंटेनर ट्रेलर एकामागून एक गाड्यांवर आदळत गेला होता. एका बाईंचा जीव गेला. "त्या दिवशी मी मागंच होतो," ते खालच्या नाक्यावर पोचल्यावर म्हणाले. आमचे ड्रम तिथे गरम होते, पण धूर नव्हता, जळका वास नव्हता.

संध्याकाळी बंदराच्या रांगेत कागद दाखवले. निर्यातीच्या प्रत्येक कंटेनरचं मोजलेलं वजन आता बोटीवर चढण्याआधी जाहीर करावं लागतं. हा आंतरराष्ट्रीय नियम १ जुलै २०१६ पासून आला. त्याआधी जानेवारी २००७ मध्ये इंग्लिश खाडीत एमएससी नापोली ही बोट मोडली. नंतर तिच्या डेकवरचे ६६० कंटेनर तोलले, तेव्हा १३७ कंटेनरांचं वजन कागदापेक्षा तीन टनांहून जास्त फरकानं वेगळं निघालं. समुद्रानं शिकवलं, जगानं नियम केला.

मात्र हा नियम विचारतो तो फक्त एकूण आकडा. कंटेनरच्या आत भार कुठेही असला तरी बोटीला थोडंफार चालतं, घाटाला चालत नाही. या प्रवासात माझं एक मत पक्कं झालं. गाडीवर किती आणि कुठे वजन पडायचं हे ठरवणारे लोक गाडीत बसलेले नसतात. माल भरणारा गोदामात राहतो, भाडं ठरवणारा ऑफिसात, आणि उतारावर उरतात काका, त्यांचा भाचा आणि पुढच्या मोटारीतलं कुटुंब. म्हणून माल भरणाऱ्यावर दोन गोष्टी बंधनकारक व्हायला हव्यात. सील लावण्याआधी घोडा आणि ट्रॉलीचं वेगवेगळं तोललेलं वजन पावतीवर यावं आणि त्या पावतीवर माल भरणाऱ्याची सही असावी. आयात कंटेनरलाही बंदरातून बाहेर पडताना हाच काटा हवा. चाकणला या सगळ्याला लागले काट्याच्या दोन फेऱ्या आणि फोर्कलिफ्टचा थोडा वेळ. एवढा खर्च मालाच्या किमतीत कुठल्याही कारखान्याला परवडतो.

काकांना उद्याचं भाडं लागलंय. पुढच्या भागात कळंबोलीच्या पोलाद बाजारातून पत्र्याच्या गुंडाळ्या घेऊन कसारा घाटानं नाशिकला जाऊ. तिथे प्रश्न वेगळा आहे: ज्या मालाला स्वतःच गडगडायचं असतं, त्याला ट्रॉलीवर जखडायचं कसं.